रेघा आणि शून्य

माझा धंदा वजनकाटे दुरुस्तीचा. गोव्यात, फोंड्याच्या मासळी बाजारातल्या छोट्या टेबलकाट्यांपासून उसगावच्या बाजूच्या ट्रक चढवायच्या काट्यांपर्यंत, जे जे वजन दाखवायचं थांबतं ते एक तर माझ्या टेबलावर येतं, नाहीतर मला बोलावून घेतं. पंचवीस वर्षं झाली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जी फजिती लिहिणार आहे ती दुसऱ्या कुणाची झाली असती तर त्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं.

सायकल मी चाळिशीनंतर धरली, रक्तातली साखर वाढली म्हणून. पहिली दोन वर्षं नुसती चालवली. मग रविवारच्या टोळक्यात शिरलो आणि कळलं की तिथे सगळे वॅटमध्ये बोलतात. ‘फार्मागुडीच्या चढाला किती पडले?’ असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, ‘घाम बराच पडला.’ एकदा हसतात, दोनदा हसतात. शेवटी गेल्या वर्षी मडगावच्या एका ओळखीच्याकडून पायांचा जोर वॅटमध्ये सांगणारा जुना पॉवर मीटर घेतला. म्हणजे काय, तर डाव्या बाजूचा नुसता क्रँक, म्हणजे पेडल ज्याला बसतं तो दांडा, आणि त्याच्या आतल्या अंगाला चिकटवलेला अर्ध्या काडेपेटीएवढा काळा डबा. विकणारा म्हणाला, “आत काय असतं ते तुला सांगायला नको.”

खरंच नको. आत स्ट्रेन गेज असतो. धातूच्या पातळ पापुद्र्याची नागमोडी पट्टी, धातूवर घट्ट चिकटवलेली. धातू वाकला की पट्टी ताणली जाते आणि तिचा विद्युतरोध बदलतो, इतका थोडा की तो पकडायला व्हीटस्टन ब्रिज, म्हणजे चार भुजांची खास विद्युतजोडणी, लावावी लागते. १९३८ साली अमेरिकेत दोघांनी ही युक्ती वेगवेगळी शोधली, आणि तेव्हापासून जगातल्या बहुतेक इलेक्ट्रॉनिक काट्यांचं पोट तिच्यावर चालतं. माझंही. माझ्या लोडसेलवर, म्हणजे काट्यातल्या वजन पेलणाऱ्या भागावर, साखरेचं पोतं ठेवलं तर बाहेर येतात मिलिव्होल्ट. सायकलच्या क्रँकवर पाय दाबला तरी तेच. फरक एवढाच की पोतं गप्प बसतं आणि क्रँक फिरतो. म्हणून इथे बळाला क्रँकच्या लांबीने गुणायचं, तो झाला टॉर्क, आणि टॉर्कला फिरण्याच्या वेगाने गुणलं की वॅट. जर्मनीतल्या उलरिख शोबररने १९८६ साली हेच क्रँकमध्ये बसवून एसआरएम ही कंपनी काढली. त्याआधी सायकलवाल्यांचे वॅट मोजायचे तर प्रयोगशाळेत न्यावं लागे.

माझा मीटर फक्त डाव्या पायाचा. उजवा पाय काय करतो हे त्याला ठाऊकच नाही. डाव्याने जे केलं त्याची दुप्पट करून सांगतो. माझा डावा गुडघा कुरकुरणारा, त्यामुळे हे यंत्र माझ्यावर रोज थोडा अन्याय करतं असं माझं ठाम मत आहे. उजव्याचा मीटर मिळाला असता तर टोळक्यात माझी पत वाढली असती.

तर जुलैतला रविवार. रात्रभर कोसळून पहाटे उघडीप होती. म्हार्दोळला जायांची फाती, म्हणजे जाईचे गजरे, घेऊन बसलेल्या बायका प्लास्टिक पांघरून होत्या. मंगेशीचा उतार, मग भोम, आणि बाणस्तारीच्या पुलावर चढताना खाली बघतो तर हँडलवरच्या कॉम्प्युटरवर वॅटच्या जागी रेघा. तीन आडव्या रेघा. वेग दिसतोय, हृदयाचे ठोके दिसतायत, वॅट नाहीत. पुलाच्या कडेला थांबलो, बंद करून चालू केला, क्रँकवर दोन थपडा मारल्या. थपडा मारणं हे आमच्या धंद्यातलं पहिलं निदान आहे, कुणी कबूल करो न करो.

इथे एक गोष्ट नीट सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ तिच्याभोवती आहे. रेघा वेगळ्या आणि शून्य वेगळं. शून्य आलं तर मीटर जिवंत आहे, बोलतोय, आणि सांगतोय की बळ नाही किंवा क्रँक फिरत नाही. तेव्हा संशय झिरो सेटिंगवर घ्यायचा, क्रँकचं फिरणं ओळखणाऱ्या सेन्सरवर घ्यायचा. जुन्या पद्धतीच्या मीटरला फ्रेमवर चुंबक लागतो, तो पडला असेल तर चुंबकावर घ्यायचा. रेघा आल्या तर पलीकडून कुणी बोलतच नाही. म्हणजे सेल, नाहीतर जोडणी. काट्यांचंही असंच. गिऱ्हाईक फोनवर सांगतं, “काटा चलना,” म्हणजे चालत नाही. मी पहिला प्रश्न विचारतो, “झिरो दिसतंय की काहीच दिसत नाही?” या एका उत्तरावर मी कुठली हत्यारं पिशवीत टाकायची ते ठरवतो.

मला रेघा दिसल्या होत्या. मी हत्यारं मात्र शून्याची काढली.

त्याचं कारण पाऊस. खाणींच्या भरात मी पावसाळाभर ट्रककाट्यांवर असायचो. ट्रककाट्याच्या पाट्याखाली सहा-आठ लोडसेल असतात आणि त्यांच्या सगळ्या वायरी एका जंक्शन बॉक्समध्ये येतात. त्या डब्याच्या रबराला एक चीर गेली की आत दमट हवा शिरते, सर्किटवर ओल धरते आणि रिकामा काटा कधी चाळीस किलो, कधी ऐंशी किलो दाखवत डोलायला लागतो. एकदा उसगावच्या पुढे असा डबा उघडला तर आत पाल सुकून चिकटलेली, दोन टोकांवर आडवी, आणि तिच्यामुळे प्रत्येक ट्रकमागे मालकाचा माल चुकीचा भरत होता. २०१२ साली खाणी बंद झाल्या, मग २०१८ साली पुन्हा झाल्या, त्यातले बरेचसे काटे गंजून गेले, पण माझ्या डोक्यात ते डबे अजून उघडेच आहेत. पावसात यंत्र बंद पडलं की मला आधी ओल दिसते.

म्हणून घरी आल्यावर क्रँक उतरवला, सेलचं झाकण उघडलं, आणि गंमत म्हणजे आत थेंबसुद्धा नव्हता. झाकणाचं रबर शाबूत. तरी मी म्हटलं, वाफ असणार, डोळ्यांना दिसत नाही. बायकोने विचारलं, “तांदळात ठेवू? उकड्या की सुरय?” ती थट्टा करत होती हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तांदळात ठेवण्यावर माझा विश्वास नाही. तांदळाची धूळ खाचेत बसते ती वेगळीच. माझ्याकडे सिलिका जेलच्या पुड्यांनी भरलेला हवाबंद डबा असतो, त्यात क्रँक दोन दिवस निजवला. तिसऱ्या दिवशी काढला. रेघा.

मग सेल. सीआर२०३२, वीस मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, नावातच माप. जुना सेल मल्टिमीटरवर २.७ व्होल्ट दाखवत होता. नुसता २.७ बघून ‘ठीक आहे’ म्हणणारे भेटतात. त्याला ४७० ओहमचा रेझिस्टर लावला आणि भार दिल्याबरोबर आकडा २.२ वर बसला. नाणेसेलचं हे असंच. रिकामा असताना ताठ उभा राहतो, काम सांगितलं की बसतो. मीटर रेडिओवर बोलतो त्या क्षणी जरा जास्त वीज मागतो, आणि म्हातारा सेल तेवढ्यालाच कच खातो. झालं, चोर सापडला. बाजारात जाऊन पाच सेलची पट्टी आणली, चांगल्या कंपनीची, वर्तमानपत्रात जाहिरात येते अशी. एक फोडला, बसवला, झाकण लावलं. सेल घातला की या मीटरचा हिरवा दिवा दोनदा लुकलुकतो. लुकलुकला नाही.

सेल बाहेर काढून मोजला. ३.२ व्होल्ट. रेझिस्टर लावून मोजला. जरासा खाली आला, पण ठणठणीत. दुसरा फोडला. तोही ठणठणीत, तरी दिवा नाही. आता तुम्हीच सांगा, सेल चांगला आहे हे मी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मीटरने मोजलंय, मग दोष कुठे उरला? सर्किटमध्ये. पुण्याच्या एका दुकानदाराला फोन केला, तर तो एका वाक्यात म्हणाला, “हे उघडत नसतं साहेब, नवा घ्या.” नव्याची किंमत ऐकून मी फोन हळूच ठेवला. पावसाळ्यातला माझा एका महिन्याचा गल्ला तेवढा नसतो.

उघडत नसतं म्हटल्यावर मला उघडावंसंच वाटणार. इपॉक्सीने बंद केलेला डबा, गरम हवेने हळूहळू मऊ करायचा, कटरने कड उचलायची. गुरुवारी संध्याकाळी दुकानात हॉट एअर गन काढून ठेवली. तेवढ्यात मासळी बाजारातली बाय काटा घेऊन हजर. जुलैत मासेमारी बंद, ट्रॉलर धक्क्याला बांधलेले, बाजारात नदीतलं आणि मानशीतलं, म्हणजे खाजणाच्या पाणदारातलं, जे मिळेल ते. तिचा काटा मधूनच बंद पडत होता. मी सवयीने पहिलं वाक्य बोललो, जे मी दिवसातून चार वेळा बोलतो: “बॅटरीची टोकं पुसली गो?”

ती म्हणाली, “तुका कित्याक हाडून दिला मागीर?” मग तुला कशाला आणून दिला, म्हणे.

उघडला. सहा व्होल्टच्या बॅटरीच्या टोकांवर मोरपिशी बुरा चढलेला, मिठाचं पाणी दुसरं काय करणार. सँडपेपरने घासला, टोकं दाबून बसवली, वर बोटाच्या टोकाने व्हॅसलीन. दहा मिनिटांचं काम. पैशाऐवजी तिने वाटाभर सुंगटं, म्हणजे कोळंबी, दिली. आणि ही दहा मिनिटं मी मनातल्या मनात स्ट्रेन गेजचा डिंक कसा सुटला असेल, ब्रिजची कुठली भुजा तुटली असेल याचा विचार करत होतो. हात टोकं घासत होते, डोकं भलतीकडे.

ती गेल्यावर क्रँक हातात घेतला. उघडण्याआधी शेवटचं एकदा सेल घालून बघावा म्हटलं. एका हातात क्रँक, दुसऱ्यात भिंग, म्हणून सेल ओठांत धरला. हे कुणी करू नये, मी केलं. जिभेचं टोक लागलं आणि तोंड वाकडं झालं. कडू म्हणजे साधं कडू नव्हे. आई लहानपणी जंतांवर किराईताचा काढा नाक दाबून पाजायची, त्याच्याहून वर. थुंकलो, चूळ भरली, पुन्हा चूळ भरली, बायकोने पाठवलेल्या डब्यातला गुळाचा खडा खाल्ला, तरी घशात ते बसूनच.

मग भिंगाखाली सेल धरला. ऋण बाजूच्या चकचकीत धातूवर एक अगदी फिकट साय. तिरप्या उजेडात दिसते, सरळ बघितलं तर नाही. पट्टीच्या मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात छापलेलं होतं: कडू लेप.

लेप कशासाठी ते योग्यच आहे. लहान मुलं हे सेल गिळतात. अन्ननलिकेत अडकला तर ओल्या मांसातून वीज वाहते आणि दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं; असं काही झालंय असा नुसता संशय जरी आला तरी वाट न बघता इस्पितळ गाठायचं. म्हणून काही कंपन्या सेलवर कडू पदार्थ लावतात, मूल तोंडात घालताच थुंकावं म्हणून. असल्या कामांना जगभर डेनाटोनियम बेंझोएट वापरतात, १९५८ साली सापडलेलं, आजवर माहीत असलेल्या पदार्थांत सर्वांत कडूपैकी एक. मूल वाचतं. फक्त काही यंत्रांत सेलला टेकणारी पत्र्याची जीभ नेमकी त्या लेपावर बसते, आणि लेपातून वीज जात नाही.

आणि माझा मल्टिमीटर? त्याच्या टोकाला सुई. सुई दाबली की लेपाला भोक पाडून धातूला भिडते आणि ३.२ व्होल्ट दाखवते. मीटरमधली पत्र्याची जीभ मऊ, गुळगुळीत, ती लेपावर नुसती टेकून बसते. माझं मोजमाप खरं होतं, पण मी जे मोजत होतो ते मीटरच्या वाट्याला येतच नव्हतं. पंचवीस वर्षं लोकांना सांगत आलोय की व्होल्ट सेलवर मोजू नका, सेल जिथे टेकतो तिथे मोजा. त्या आठवड्यात हे वाक्य मी स्वतःला एकदाही ऐकवलं नाही.

सर्किट धुवायला दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल असतंच. कापसाचा बोळा भिजवून सेलची ऋण बाजू पुसली, मग मुलीच्या कंपासपेटीतलं खोडरबर घेऊन मधोमध चार वेळा फिरवलं, पुन्हा पुसली. पत्र्याची जीभही पुसली आणि चिमट्याने केसभर वर उचलली. जुन्या मीटरात ती दबून गेलेली असते. सेल बसवला. हिरवा दिवा दोनदा लुकलुकला. हॉट एअर गन मी गुपचूप कपाटात ठेवली. कुणी बघत नव्हतं तरी.

एवढ्यावर भागतंय थोडंच. कॉम्प्युटरवर अजून रेघाच. पण आता मी शहाणा झालो होतो, म्हणजे निदान त्या संध्याकाळपुरता. दिवा लागतोय म्हणजे मीटर बोलतोय. मग त्याचं बोलणं दुसरं कुणीतरी ऐकत असणार. खिशात हात घातला तर फोन. सोमवारी मीटर तपासायचं म्हणून मी फोनवर ॲप टाकलं होतं, ते मागे चालूच होतं आणि मीटर जागा झाल्याबरोबर त्याने पहिला हात धरला. ब्लूटूथवर माझा हा जुना मीटर एका वेळी एकालाच जीव लावतो. अँट प्लस ही दुसरी बिनतारी पद्धत वेगळी, ती गावकीच्या लाऊडस्पीकरसारखं, ज्याला ऐकायचं त्याने ऐकावं. कॉम्प्युटर जोडताना मी यादीत पहिलं जे नाव दिसलं ते दाबलं होतं, ते ब्लूटूथचं. ॲप बंद केलं, कॉम्प्युटरमधून मीटर काढून पुन्हा शोधला, या वेळी अँट प्लसवर. रेघा गेल्या आणि शून्य आलं. शून्य बघून एवढा आनंद मला दहावीच्या गणितानंतर झाला नव्हता.

मग झिरो. डावा क्रँक सरळ खाली, पेडलवर पाय नाही, सायकल हलत नाही, आणि कॉम्प्युटरवर कॅलिब्रेट. तापमान बदललं की ॲल्युमिनियम ताणतं-आकसतं आणि गेजला ते बळ वाटतं, म्हणून खोलीतून बाहेर काढल्यावर पाचदहा मिनिटं सायकल हवेत उभी करून मगच हे करावं. टोळक्यातले निम्मे जण कधीच करत नाहीत आणि वॅटवरून भांडतात.

आता काटेवाल्याच्या घरी मीटर आलाय म्हटल्यावर तो मोहोर मारल्याशिवाय कसा सुटेल? दुकानात माझी वीस किलोची वजनं आहेत, वजन-माप खात्याची मोहोर असलेली. सायकल भिंतीला टेकवली, मागचा ब्रेक रबराने बांधला, डावा क्रँक पुढे आडवा केला, स्पिरिट लेव्हल ठेवून. पेडल काढून त्याच्या आसाला दोरीने वीस किलो टांगलं. हिशोब सोपा आहे: वीस गुणिले ९.८१, गुणिले क्रँकची लांबी ०.१७ मीटर, म्हणजे ३३.३५ न्यूटन मीटर. पोरीला म्हटलं, ॲपमधला टॉर्कचा आकडा वाच. ती म्हणाली, “तेहेतीस पॉइंट एक.” वजन काढलं, शून्य. पुन्हा टांगलं, तेहेतीस पॉइंट एक. एक टक्क्याच्या आत. तिने विचारलं, “बाबा, म्हणजे बरोबर आहे की चूक?” मी म्हटलं, मासळी बाजारात चालेल, सोनाराकडे नाही.

पुढच्या रविवारी रायबंदरच्या सेतूवर त्याची परीक्षा घेतली. पोर्तुगीजांनी १६३०च्या दशकात बांधलेला हा रस्ता, कडेने मिठागरं आणि खारफुटी, तीनेक किलोमीटर सपाट, आणि सकाळी सहाला एखादी बस सोडली तर आपलाच. वारा अंगावर होता. पाटोपर्यंत सरासरी १५१. टोळक्यातल्या एकाने विचारलं, “कितें पडले?” मी आकडा सांगितला. तो म्हणाला, “इतकेच?” मी डाव्या गुडघ्याची गोष्ट सुरू केली, तोवर तो पुढे गेला होता.

उरलेल्या सेलवर मुलीने काळ्या मार्करने ‘कडू’ लिहून ठेवलंय. काल त्यातला एक आईच्या साखर तपासायच्या यंत्रात घातला. पुसून.